यशवंत घाडगे

यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर, १९२१ – १० जुलै, १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर लढताना धारातीर्थी पडलेले मराठी सैनिक होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्यात आला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक या हुद्द्यावर होते.

पार्श्वभूमी

घाडगे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. कुलाबा व रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतून लष्करात भरती होण्याची परंपरा मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेपासूनची आहे.

अखेरची लढाई

१९४४ च्या उन्हाळ्यात १० वी भारतीय डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन फळीवर चाल करीत होती. १० जुलै रोजी घाडगे यांची तुकडी सुमारे ५० यार्डांवरून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन व तिचा चालक निकामी केला आणि टॉमी गनने आणखी एकाला टिपले. काडतुसांची पेटी बदलण्यास अवधी नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, जिंकलेल्या ठाण्यातच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षे होते.

त्यांच्या हातातील शस्त्र म्हणजे .४५ इंच व्यासाची थॉमसन सबमशीनगन. जवळच्या लढाईसाठी उपयुक्त असल्याने दोस्तराष्ट्रांचे कमांडो व छत्रीधारी सैनिकही ती बाळगीत. तिच्या पेटीत २० किंवा ३० गोळ्या मावत. सलग माऱ्यात त्या काही क्षणांतच संपत.

पलटणीचा पुढील प्रवास

स्वातंत्र्यानंतर ही पलटण छत्रीधारी म्हणून १९४८ मध्ये काश्मीरमधील झांगर येथे लढली. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी (मराठा) बटालियन झाली. ११ डिसेंबर, १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तिने बांगलादेशातील टांगाईलजवळ हवाई उडी घेतली व पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट रोखली. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरलेल्या भारतीय तुकड्यांत ही बटालियन होती.

सन्मान व स्मारके

घाडगे यांचे पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते स्वीकारले. घाडगे यांची स्वतंत्र समाधी नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंटोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले.