पाटणचा शिलालेख आणि एक डॉक्टर

भास्कराचार्यांवर आपण खानदेशी माणसे हक्क सांगतो तो बराचसा चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाच्या जोरावर. हा लेख विद्वानांपुढे आणणारा माणूस कोणी प्राध्यापक नव्हता. ते होते मुंबईत प्रॅक्टिस करणारे डॉ. भाऊ दाजी लाड. आपल्या वर्गातले जे मित्र डॉक्टर झाले, ते आता दवाखाना मुला-सुनेच्या हाती देऊन पुढे काय करावे या विचारात आहेत. त्यांच्यासाठी हे चरित्र मुद्दाम निवडले.

भाऊंचा जन्म गोव्यात, पेडण्याकडचा. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब मुंबईला आले आणि पोरगा बुद्धिबळात चमकला. गव्हर्नर क्लेअरसाहेबांनी तो खेळ पाहून त्याला इंग्रजी शिकवा असे वडिलांना सुचवले, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरच्या निबंधाला ६०० रुपयांचे बक्षीसही मिळाले. मास्तरकी उत्तम चालली होती. पण १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि भाऊ नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. प्रेताला हात लावला की विटाळ मानण्याचे ते दिवस. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

डॉक्टर म्हणून नाव झाले, पैसाही आला. धाकटे बंधू नारायणही डॉक्टर. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. महारोगावरचे त्यांचे औषध गाजले, मात्र ते त्यांनी गुप्त ठेवले. डॉक्टरी पेशात हे बरे नव्हे, आणि तेव्हाही टीका झालीच.

दुसरे वळण मला अधिक अवघड वाटते, कारण यात जुने काम सोडायची सोय नव्हती. जुनी नाणी, पोथ्या, लेणी यांचा नाद लागला. पण खर्च भागणार तो प्रॅक्टिसमधूनच. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला त्यांनी पदरी ठेवले आणि शिलालेखांच्या नकला घ्यायला गावोगाव पाठवले. आपल्या शेजारच्या अजिंठ्याचे लेख भाऊंनी १८६३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. वाकाटक राजांची वंशावळ त्यांतून पुढे आली. १८६५ मध्ये आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. पाटणच्या लेखाची माहिती त्यातलीच.

त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव पडले आणि भाऊंची बरीच कमाई बुडाली. तरी रोगी, सभा आणि शिलालेख तिन्ही चालूच राहिले. पुढे मुंबईचे शेरीफपदही दोनदा मिळाले. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव मिळायला मात्र १९७५ साल उजाडले.

पाटणादेवीच्या दर्शनाला आपण जातो, तेव्हा या लेखाची आठवण ठेवावी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला १२०७ मध्ये दान मिळाले, अशी त्यात नोंद आहे. वरचा भाग संस्कृत. पण मठाला कोणी काय द्यायचे ते शेवटी सांगितले आहे जुन्या मराठीत.