कै. कुसुमावती देशपांडे : एक स्मरण

झाशी छावणीत परभाषेच्या बळावर चरितार्थ चालविणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना कै. कुसुमावती देशपांडे यांचे जीवन विशेष जवळचे वाटते. १९०४ साली अमरावतीस जन्मलेल्या कुसुम जयवंत लंडनला जाऊन इंग्रजी साहित्य शिकल्या. कवी अनिल यांच्याशी विवाह झाल्यावर नागपूरच्या महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले. त्या व्यासंगाने लाभलेली दृष्टी मात्र त्यांनी ‘पासंग’मधील समीक्षेतून मायमराठीच्या चरणी वाहिली. १९६१ साली आमच्या शेजारी ग्वाल्हेरीस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात काळाने त्यांना नेले. वर्गात इंग्रजी, लेखणीत मराठी, हा त्यांचा वारसा आमच्या मुलाबाळांनी जपावा, हीच त्यांना आदरांजली.