डॉक्टरांची साक्ष

मागच्या महिन्यात नवनगरहून चिगरी बसने कॉलेजला येत होते. पुढच्या सीटवर दोघांचा वाद चालला होता, एका प्रसिद्ध नटावर झालेल्या आरोपांवरून. एकाचं म्हणणं, मोठ्या माणसावर पैशासाठी असले आरोप होतातच. दुसऱ्याचं म्हणणं, आगीशिवाय धूर निघत नाही. दोघांचाही आवाज चढला होता. खरं काय घडलं, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. तेव्हा मला आठवले डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईच्या भायखळ्याचं म्युझियम त्यांच्या नावाने आहे, एवढंच आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं.

त्यांचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातल्या पेडणे महालातलं मांद्रे हे त्यांचं गाव. घरची गरिबी. मुलगा बुद्धिबळात भलता हुशार, ते पाहून एका इंग्रज माणसाने त्याला इंग्रजी शिकवायचा सल्ला वडिलांना दिला, असं सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये शिकत असतानाच काठेवाड आणि कच्छमधल्या कन्याहत्येवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवलं. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. भाऊ नारायण दाजींबरोबर त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना काढला आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यात कितीतरी वर्षं घालवली. वेळ मिळेल तेव्हा ते गिरनार आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचत बसायचे. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचेही ते चिटणीस होते. मुलींच्या शिक्षणासाठीही ते झटले. थोडक्यात, मुंबईत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

या वजनाची परीक्षा १८६२ साली झाली.

करसनदास मुळजी हे गुजराती पत्रकार. जन्माने आणि श्रद्धेने वैष्णव. २१ ऑक्टोबर १८६० रोजी आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात त्यांनी लेख लिहिला, की वल्लभ संप्रदायातले काही महाराज भक्तांच्या श्रद्धेचा फायदा घेऊन त्यांच्या बायका-मुलींना भ्रष्ट करतात. लेखात जदुनाथजी महाराजांचं नाव होतं. महाराजांनी ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, म्हणून भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी जातीची सभा बोलावली. या दडपणाबद्दल त्यांच्यावरच वेगळा खटला चालला आणि त्यांना दंड झाला. माणसाला जातीबाहेर टाकलं की त्याचं लग्नकार्य, व्यवहार, मयताला खांदा, सगळंच बंद. अशा वेळी तोंड उघडणार कोण?

मुख्य खटला २५ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुरू झाला. न्यायाधीश होते सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड. करसनदासांच्या बाजूने विल्सन कॉलेजचे संस्थापक रेव्हरंड जॉन विल्सन यांनीही साक्ष दिली. महाराजांनी स्वतः पिंजऱ्यात उभं राहून आरोप नाकारले. पण डॉ. भाऊ दाजींनी शपथेवर सांगितलं की महाराजांच्या उपदंशावर आपण इलाज केला होता. दुसऱ्या डॉक्टरांची, धीरजराम दलपतराम यांची, साक्षही अशीच होती. इतके दिवस एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला कुजबुज होती. आता कोर्टापुढे तपासता येईल असं काहीतरी आलं.

पेशंटचं गुपित डॉक्टरने सांगावं का? हा प्रश्न मला अजून सतावतो. पण भाऊ दाजींनी ते बाजारात किंवा छापखान्यात नेऊन सांगितलं नव्हतं. दावा महाराजांनीच लावला होता, चारित्र्य निष्कलंक असल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. विचारलं तेव्हा डॉक्टर खोटं बोलले नाहीत, एवढंच. मुंबईतले कितीतरी धनाढ्य शेठ त्याच संप्रदायाचे होते. गप्प राहणं डॉक्टरांना नक्कीच सोयीचं झालं असतं.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. लेखातले आरोप खरे ठरले आणि करसनदासांना खटल्याचा खर्च मिळाला.

त्यानंतर भाऊ दाजी दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. १८६५च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्यांची कमाई बुडाली. पुढे अर्धांगवायू झाला आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. त्यांनी उभारायला मदत केलेल्या म्युझियमला १९७५ साली त्यांचं नाव मिळालं.

मी कॅथलिक आहे. दुसऱ्यांच्या महाराजांवर बोट दाखवणं मला सोपं आहे. पण २००२ साली बॉस्टनच्या वृत्तपत्राने आमच्याच पाद्र्यांची कृत्यं उघडी केली आणि ती झाकणारे आमचेच वरिष्ठ होते. माहीत असलेली माणसं तिथेही होती, आणि त्यातली बरीचशी गप्प बसली. २०२४ साली हेमा समितीचा अहवाल बाहेर आला, तेव्हा मल्याळम सिनेमातही तीच गोष्ट दिसली. कितीतरी जणांना माहीत होतं, बोलणारे थोडे.

म्हणून त्या बसमधल्या दोघांपैकी कुणाचीच बाजू मला घेता येत नाही. माणूस मोठा आहे म्हणून आरोप खोटा ठरत नाही, आणि आरडाओरडा झाला म्हणून खराही ठरत नाही. ज्याला खरोखर माहीत आहे त्याने स्वतःच्या नावाने, उलटतपासणीला तयार राहून बोलावं लागतं. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही बोलू द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. करसनदास, महाराज, न्यायाधीश, डॉक्टर, सगळ्यांची नावं आपल्याला सापडतात. ज्या बायका-मुलींसाठी हे सगळं झालं, त्यांची नावं कुणाच्याच तोंडी नाहीत. भायखळ्याला गेलात तर म्युझियमच्या दारावरचं नाव वाचताना त्यांचीही आठवण काढा.