न्गाँगच्या पायथ्याशी एकटीचा संसार

कारेन ब्लिक्सन हे नाव मराठी वाचकाला बहुधा एका चित्रपटामुळे ठाऊक असते. सिडनी पोलॅक यांचा ‘आउट ऑफ आफ्रिका’ १९८५ मध्ये पडद्यावर आला, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर त्याला मिळाले आणि मेरिल स्ट्रीप व रॉबर्ट रेडफोर्ड यांनी रंगवलेली आफ्रिकेच्या माळरानावरची प्रेमकहाणी जगभर पोहोचली. पडद्यावरची ती कहाणी देखणी आहे. प्रत्यक्षातली कारेन मात्र पतीपासून विभक्त झाल्यावर परमुलखात, कर्जाच्या ओझ्याखाली, दहा वर्षे एकटीने कॉफीचा मळा चालवणारी स्त्री होती. लग्नाच्या चौकटीबाहेर प्रेम करायचे तर ते कोणत्या अटींवर आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्या दशकात तिच्यासमोर सतत उभा होता.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या रुंगस्टेडलुंड येथे १७ एप्रिल १८८५ रोजी कारेन दिनेसनचा जन्म झाला. वडील विल्हेल्म लष्करी अधिकारी आणि लेखक होते. कारेन त्यांची लाडकी. तिला दहावे वर्ष पुरे होण्याआधीच, १८९५ मध्ये, त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर मुलांचे संगोपन आई, आजी आणि मावशी यांच्या सावलीत झाले. आईचे वेस्टेनहोल्झ घराणे सधन, सचोटीचे आणि नीतिनियमांना घट्ट धरून चालणारे होते. त्या घरात प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती मोकळ्या हवेची. कोपनहेगनच्या कला अकादमीत तिने चित्रकलेचे शिक्षण घेतले, विशीत टोपणनावाने काही कथाही प्रसिद्ध केल्या. पण मनाला हवी असलेली वाट त्यातून सापडली नाही.

तारुण्यात तिचे मन जडले ते नात्यातल्याच हान्स ब्लिक्सन या स्वीडिश तरुणावर. त्याच्याकडून प्रतिसाद मिळाला नाही. हान्सचा जुळा भाऊ ब्रोर याने मात्र तिला मागणी घातली आणि १९१२ च्या अखेरीस तिने होकार दिला. दोघांनाही युरोपातून दूर जायचे होते. कारेनच्या माहेरच्या पैशातून ब्रिटिशांच्या ताब्यातील पूर्व आफ्रिकेत जमीन घेण्यात आली. १४ जानेवारी १९१४ रोजी मोंबासा बंदरात दोघांचा विवाह झाला. या विवाहाने कारेनला तीन गोष्टी दिल्या: बॅरोनेस हा किताब, आफ्रिकेतले घर आणि पहिल्याच वर्षभरात जडलेला सिफिलिस. पतीकडून आलेल्या या रोगावरील उपचारांसाठी १९१५ मध्ये तिला डेन्मार्कला परतावे लागले. त्या काळी पारा आणि आर्सेनिक हीच त्यावरची औषधे होती आणि त्यांनीही शरीराची हानी होत असे. पुढे आयुष्यभर प्रकृतीने तिला पुरती साथ कधी दिली नाही.

तरीही ती आफ्रिकेत परतली. नैरोबीजवळ न्गाँग टेकड्यांच्या पायथ्याशी सुमारे सहा हजार एकरांची जमीन आणि त्यातील सहाशे एकरांवर कॉफी, असा हा मळा होता. १९१६ मध्ये त्यासाठी ‘कारेन कॉफी कंपनी’ स्थापन झाली. भागधारक बहुतेक तिचे नातेवाईक आणि अध्यक्ष तिचा मामा आगे वेस्टेनहोल्झ. ब्रोर उत्तम शिकारी, दिलदार मित्र. पण हिशेबात कच्चा आणि संसारात बेभरवशाचा. कंपनीचा पैसा पाण्यासारखा वाहू लागला, तेव्हा १९२१ मध्ये कंपनीने त्याला व्यवस्थापक पदावरून दूर केले आणि मळ्याची सूत्रे कारेनच्या हाती दिली. त्याच सुमारास दोघे विभक्त झाले. घटस्फोट व्हावा ही माहेरची इच्छा होती. कारेन त्याला राजी नव्हती. फसवणूक आणि आजार सोसूनही हे लग्न मोडू नये असे तिला वाटत होते. परक्या मुलखातल्या गोऱ्या वसाहतीत विवाहित बॅरोनेस असणे आणि घटस्फोटिता असणे यांत मोठे अंतर होते. अखेर १९२५ मध्ये घटस्फोटावर शिक्कामोर्तब झाले. कारेन तेव्हा चाळिशीत पोहोचली होती.

या एकटेपणाची सवय तिने कामातून लावून घेतली. पहाटे मळ्यावर फेरी, मजुरांची मजुरी, बैलगाड्यांतून नैरोबीला जाणारी कॉफीची पोती, आजाऱ्यांवर घरच्या ओसरीत उपचार, असा तिचा दिवस जाई. घरकारभारात फारा आदेन हा सोमाली कारभारी सतराही वर्षे तिच्या सोबत होता आणि मळ्यावरची लोहारकी पूरण सिंग हा शीख कारागीर सांभाळत असे. ज्या जमिनीवर हे सारे चालले होते, ती मुळात तिथल्या आफ्रिकी लोकांची. वसाहतीच्या कायद्याने किकुयू कुटुंबे आपल्याच भूमीवर कुळे बनली होती आणि राहण्याच्या मोबदल्यात वर्षातले ठरावीक दिवस त्यांना मळ्यावर राबावे लागे. कारेन त्या व्यवस्थेची लाभार्थी होती. मात्र या माणसांशी तिचे जे नाते जुळले, ते गोऱ्या शेजाऱ्यांशी असलेल्या नात्याहून अधिक जवळचे होते.

डेनिस फिंच हॅटन तिला प्रथम भेटला तो एप्रिल १९१८ मध्ये, नैरोबीच्या मुथैगा क्लबमध्ये. इंग्लंडमधील अर्ल ऑफ विंचिल्सी यांचा हा धाकटा मुलगा ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, वाचनाचा आणि संगीताचा दर्दी, आणि कोणत्याही बंधनात न अडकण्याचा पक्का निर्धार केलेला. तो १९११ मध्ये आफ्रिकेत आला होता. मधली काही वर्षे तो तेथून दूर होता. १९२२ मध्ये परतल्यावर दोघांची मैत्री वाढली आणि ब्रोर निघून गेलेल्या त्या घरात डेनिस येऊ लागला. पुढे त्याने आपले सामान, पुस्तके आणि ग्रामोफोनही तिच्याकडे आणून ठेवले. सफारींवरून परतला की तो मळ्यावर उतरे. मग काही दिवस घर उजळून निघे. जेवण झाल्यावर शेकोटीपाशी कारेन गोष्ट सांगत असे आणि डेनिस ऐकत असे. त्याने तिला लॅटिन शिकवले, ग्रीक कवींची गोडी लावली. काही दिवसांनी तो पुन्हा निघून जाई आणि केव्हा परतेल हे बहुधा सांगत नसे.

या नात्यात वचन नव्हते. दोघांनीही ते मागायचे नाही, असाच जणू अलिखित करार होता. कारेनने त्याला वैचारिक बैठक देण्याचाही प्रयत्न केला. भाऊ थॉमस १९२० पासून काही वर्षे मदतीसाठी मळ्यावर राहिला होता. त्याच्याशी झालेल्या चर्चांतून १९२३-२४ च्या सुमारास तिने आधुनिक विवाहावर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. जुन्या विवाहसंस्थेमागे घराणे, वारसा, धर्म अशी काही कल्पना होती. ती कल्पना विरल्यावर केवळ सवयीने किंवा सोयीसाठी एकत्र राहणे तिला पटत नव्हते. प्रेम हे मोकळ्या माणसांनी मोकळेपणी खेळायच्या खेळासारखे असावे, असा तिचा विचार होता. हा निबंध तिच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये प्रकाशित झाला. बेस मावशीशीही विवाह, नीती आणि स्त्रियांचे स्वातंत्र्य या विषयांवर तिचा पत्रांतून वाद चाले. आफ्रिकेतून तीन-चार आठवड्यांनी पोहोचणाऱ्या त्या पत्रांत भाची मावशीला नव्या काळाची बाजू समजावून सांगत होती.

विचार मांडणे सोपे होते, जगणे तितके सोपे नव्हते. या मोकळेपणाचा भार दोघांवर सारखा पडत नव्हता. डेनिसला जायला सारा आफ्रिका खंड होता, इंग्लंडला घर होते आणि त्याच्या येण्याजाण्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नव्हते. कारेन मळ्याला जखडलेली. तिच्या वाट्याला वाट पाहणे आले. १९२६ मध्ये आपल्याला दिवस गेले आहेत असे तिला वाटले, तेव्हा डेनिस इंग्लंडमध्ये होता. दोघांत ठरलेल्या सांकेतिक नावाने तिने त्याला तार केली. त्याच्या तारेत आनंद नव्हता. बाळाचे आगमन रद्द करावे, असाच तिचा आशय होता. अपत्य झाले नाही. मूल व्हावे ही कारेनची ओढ मात्र खरी होती. त्या सुमारास थॉमसला लिहिलेल्या पत्रांत तिने स्वतःशी मांडलेला झगडा दिसतो. एका माणसाच्या येण्यावर आपले सारे सुख टांगून ठेवणे बरे नव्हे, स्वतःच्या बळावर आपण कोणीतरी असले पाहिजे, हे तिला कळून चुकले होते. त्याच वर्षी तिचे एक बाहुलीनाट्य डेन्मार्कमधील मासिकात प्रसिद्ध झाले. अनेक वर्षे थांबलेली लेखणी हळूहळू पुन्हा चालू लागली होती.

समाजही अधूनमधून तिला तिच्या स्थानाची आठवण करून देत होता. १९२८ मध्ये ब्रोरने दुसरे लग्न केले आणि नैरोबीच्या लहानशा गोऱ्या वर्तुळात एकाऐवजी दोन बॅरोनेस ब्लिक्सन वावरू लागल्या. त्याच वर्षी इंग्लंडचे युवराज आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले. त्यांच्या शिकारीची व्यवस्था डेनिसकडे होती आणि त्याने मदतीला घेतले ते ब्रोरला. पुरुषांच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. दोघे जुने मित्र होते. कारेनला ते जिव्हारी लागले. नोव्हेंबरात युवराज तिच्या घरी जेवायला आले. तिने मळ्यावरच्या लोकांचा मोठा नाच त्यांच्यासाठी आयोजित केला आणि यजमानपद थाटात पार पाडले.

मळा मात्र हातातून निसटत चालला होता. सहा हजार फुटांहून अधिक उंची कॉफीला मानवत नव्हती. पाऊस दगा देई, गारठ्याने पीक मार खाई. १९२३ मध्ये कॉफीच्या कारखान्याला आग लागली होती आणि दशकाच्या अखेरीस जागतिक मंदीने भावही पाडले. नातेवाइकांचा धीर सुटला. १९३१ च्या प्रारंभी मळा नैरोबीतील एका विकासकाला विकला गेला. जमिनीचे भूखंड पाडून तेथे वस्ती उभारण्याचा त्याचा बेत होता. डेनिसनेही याच काळात आपले सामान हलवून नैरोबीत मुक्काम केला. त्याची जवळीक आता बेरिल मार्कहॅम या तरुण स्त्रीशी वाढली होती. आदल्या वर्षी त्याने जिप्सी मॉथ विमान आणले होते. कारेनला त्यात बसवून न्गाँग टेकड्यांवरून फिरवले, तो तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आनंद होता. १४ मे १९३१ रोजी व्होई येथून उड्डाण करताच ते विमान कोसळले. डेनिस आणि त्याचा किकुयू सेवक दोघेही ठार झाले. न्गाँगच्या उतारावर डेनिसचे दफन झाले. वारसाहक्काने किंवा कायद्याने कारेन त्याची कोणीच नव्हती. तरी दफनाची जागा तिनेच निवडली.

घरातले सामान विकता विकता तिने शेवटचे काही महिने एका कामाला वाहून घेतले. मळा विकला गेल्याने किकुयू कुटुंबे विस्थापित होऊन विखुरली जाणार होती. त्या सर्वांना एकत्र राहता येईल अशी जमीन मिळावी म्हणून तिने सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. अखेर डॅगोरेटीच्या राखीव वनातील जागा त्यांना मिळाली. स्वतःसाठी तिला काही वाचवता आले नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ती रिकाम्या हाताने आईच्या घरी परतली.

ज्या घरातून मोकळ्या हवेसाठी ती निघाली होती, त्याच घरात तिने लिहायला बसायचे ठरवले. डेनिसला सांगितलेल्या गोष्टींची सवय कामी आली. त्यातल्या काहींना मळ्यावरच आरंभ झाला होता. तिने इंग्रजीत लिहिले आणि आयझॅक दिनेसन असे पुरुषी नाव घेतले. त्यातले आडनाव मात्र माहेरचे होते. १९३४ मध्ये ‘सेव्हन गॉथिक टेल्स’ अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि गाजले. १९३७ मध्ये ‘आउट ऑफ आफ्रिका’ आले. या पुस्तकात पतीला जवळपास स्थान नाही आणि डेनिस येतो तो मित्र म्हणून. त्यांच्या नात्याबद्दल जगाला जे कळले, ते पुष्कळसे तिच्या मृत्यूनंतर, पत्रांतून आणि चरित्रांतून. १९५४ मध्ये नोबेल मिळाल्यावर अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी या सन्मानास पात्र असलेल्या लेखकांत तिचे नाव घेतले होते. तिने पुन्हा लग्न केले नाही आणि आफ्रिकेतही ती पुन्हा गेली नाही. ७ सप्टेंबर १९६२ रोजी रुंगस्टेडलुंड येथेच तिचे निधन झाले.

एकट्या स्त्रीने परदेशात आपल्या मर्जीने जगावे, प्रेम करावे, ही गोष्ट आज पुण्या-मुंबईतून परदेशी गेलेल्या तरुणींना नवलाची वाटणार नाही. कारेनच्या काळी त्यासाठी वाटाड्या नव्हता. स्वतःच मांडलेला विचार तिला प्रत्येक वेळी पेलला असे नाही. प्रेमात मोकळीक देणे तिने स्वीकारले, पण वाट पाहणे तिला सोडता आले नाही. तिच्या कॉफीच्या जमिनीवर आज नैरोबीचे ‘कारेन’ हे उपनगर वसले आहे. तिच्या घराचे १९८६ पासून संग्रहालय झाले आहे. न्गाँगच्या उतारावर डेनिसच्या कबरीवरचा स्तंभ अजून उभा आहे.