त्रिकोणांनी देश मोजणारा सैनिक : विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका साध्या कुटुंबात झाला. सैन्यात गेल्यावर त्यांची बरीच वर्षे उत्तर अमेरिकेत अगदी किरकोळ कामात गेली. 33 व्या पायदळ रेजिमेंटबरोबर ते हिंदुस्थानात आले, तेव्हा चाळिशी उलटली होती आणि नाव कोणालाच माहीत नव्हते. पण त्या रिकाम्या वर्षांत त्यांनी स्वतःच गणिताचा अभ्यास केला होता.

1799 च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत तो उपयोगी पडला. एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी आपल्या छावणीकडे परतत आहे असे सगळ्यांना वाटत होते. लॅम्बटन यांनी ताऱ्यांकडे पाहून सांगितले, की आपण उलट टिपूच्या सैन्याकडे चाललो आहोत. होकायंत्रानेही तेच दाखवले. मॅप रीडिंगच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

युद्धानंतर त्यांनी सरकारपुढे एक योजना मांडली. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणायचे, त्यातून गावांच्या अचूक जागा ठरवायच्या आणि पृथ्वीचा आकारही शोधायचा. वर्गातला पृथ्वीचा गोल चेंडूसारखा असतो. खरी पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना हळूहळू वाढते. ते किती वाढते, हे लॅम्बटन यांना जमिनीवर मोजायचे होते. मद्रासच्या एका अधिकाऱ्याला हा खर्च व्यर्थ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की झाले, असे त्याचे मत होते! तरीही मंजुरी मिळाली.

10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पायारेषेची मोजणी सुरू झाली. रेषा होती सुमारे साडेसात मैलांची आणि पोलादी साखळी फक्त 100 फुटांची, म्हणजे ती 400 वेळा मांडावी लागली. उन्हाने पोलाद वाढते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक लावत आणि वाढीचा हिशोब करत. या एका रेषेला 57 दिवस लागले.

एवढा खटाटोप कशासाठी? त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. माझ्या बहिणीच्या मराठी पुस्तकात जी कोबाको कसोटी आहे, तिचाच हा आधार. मग निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते आणि साखळी क्वचितच लागते. पण पहिली रेषा चुकली, तर पुढचे सगळेच चुकते. 1804 मध्ये बंगळूरजवळ त्यांनी पुन्हा साखळी लावून पडताळा घेतला, तेव्हा गणिताचे उत्तर आणि मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला. मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत आवडतो.

कोन मोजण्यासाठी अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता. आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच तो तीन फूट व्यासाचा थोरला भाऊ. 1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन तंबूत बसून राहिले आणि सहा आठवड्यांत त्यांनी ते पुन्हा वर्तुळात आणले. ते ओढणारे, दोर धरणारे आणि टेकड्यांवर निशाणे घेऊन उभे राहणारे आपलेच लोक होते. त्यांची नावे मला कुठेच सापडली नाहीत.

मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांत 400 मैल होते. ते 360 निघाले. मग त्रिकोण उत्तरेकडे सरकत गेले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. वय सत्तरीच्या आसपास होते. तिथेच त्यांना पुरले. मी चंद्रपूरचा असल्याने सुट्टीत हे स्टेशन नेहमी लागते, पण डब्यात कोणाला हे नाव माहीत नसते.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले आणि 1841 पर्यंत ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. तिच्याच आधारे पुढे शिखरांच्या उंची काढल्या गेल्या. सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांच्या नावाचे शिखर नाही.