काका केळकर : भंगारात निघालेल्या वस्तूंना घर देणारा माणूस



चौथीच्या वर्गात 'जुन्या वस्तू' हा विषय घेताना मी मुलांना दरवेळी एकाच माणसाची गोष्ट सांगते. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे पुण्याचे काका केळकर. जन्म १० जानेवारी १८९६. घरचा धंदा चष्म्याचा. शिवाय ते कवीही होते, 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. पण लोकांच्या लक्षात राहिले ते वेगळ्याच गोष्टीमुळे.

साधारण १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्या काळात जुनं म्हटलं की लोकांना तलवारी, नाणी, ताम्रपट एवढंच दिसायचं. काकांनी मात्र अडकित्ते गोळा केले! समया, लामणदिवे, पाय घासायच्या पितळी वजऱ्या, कुंकवाचे करंडे, कुलुपं, दौती, विळ्या, किसण्या. ज्या वस्तू बाईच्या हातात रोज असायच्या आणि ज्यांची नोंद कुणीच ठेवली नव्हती, त्या. सुपारी कातरायला साधी दोन पाती पुरतात. तरी कारागिराने अडकित्त्याला माणसाचा, पक्ष्याचा आकार का दिला असेल, हा प्रश्न वर्गात विचारून बघा. मुलं खूप बोलतात.

हे सगळं सोपं नव्हतं. गावोगाव फिरायचं, लोकांच्या घरात, अडगळीत शोधायचं आणि पदरचे पैसे घालायचे. पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर हे झालंच नसतं, असं माझं मत. त्यातच त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. या दुःखाबद्दल मी मुलांना जास्त सांगत नाही. एवढंच सांगते की पुढे त्या संग्रहाला त्यांनी मुलाचं नाव दिलं. पुण्यात बाजीराव रोडजवळचं 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ते हेच. बापाचं आणि लेकाचं नाव एकाच पाटीवर आहे.

१९६० पर्यंत वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या. १९६२ मध्ये संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये काकांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तेव्हा त्यांचं वय ७९ होतं. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत, पण जागेअभावी मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपासच. कोथरूडचा मस्तानी महालही तिथे पुन्हा उभा केलेला आहे. काका १७ एप्रिल १९९० ला गेले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी घरांतली जाती, घंगाळं, मापटी दगडमातीखाली गेली. माणसंच गेली, तिथे वस्तूंचं काय घेऊन बसायचं. पण आपल्या भागात जे उरलं तेही आता मोडीत चाललंय. दुसऱ्याला कशाला बोलू, माझ्या आजीचं तांब्याचं घंगाळ आम्हीच किलोवर विकलं. त्याचा एक फोटोसुद्धा नाही.

म्हणून नांदेडजवळच्या आमच्या शाळेत मी मुलांना वस्तू आणायला सांगत नाही, फोटो आणायला सांगते. वस्तू हरवली की घरचे रागावतात. पालकांच्या मोबाइलवर काढायचा. खिडकीशेजारी पाटावर घोंगडी अंथरायची, त्यावर कंदील किंवा पायली ठेवायची. उजेड एका बाजूने यायला हवा, फ्लॅश बंद. पितळ लखलखीत घासायचं नाही, आहे तसंच राहू द्यायचं. शेजारी त्या वस्तूच्या कामाचं काहीतरी ठेवायचं, पायलीजवळ मूठभर ज्वारी, अडकित्त्याजवळ सुपारी. खाली एक ओळ, ही कुणाची होती.

मागच्या वर्षी एका मुलाने मोडक्या विळीचा फोटो आणला. मागे भिंत, बाजूला अर्धा कांदा. खाली फक्त आजीचं नाव लिहिलं होतं. तो फोटो वर्गात अजून लावलेला आहे.