लंगडा पाटील : महादजी शिंदे

लोणावळ्याहून पुण्याकडे आगगाडीने जाताना कामशेत सोडल्यावर वडगाव लागते. आपल्या मावळातील पुष्कळ वाचक ह्या गावी कोर्टकचेरीच्या कामास वरचेवर जातात. येथेच सन १७७९ च्या जानेवारी महिन्यात इंग्रज कंपनीच्या फौजेने हात टेकले. ज्या पुरुषापुढे टेकले त्याचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे आहे.

महादजी हा सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्याचा मुलगा. तो लग्नाच्या स्त्रीचा नव्हे, ह्या कारणाने भाऊबंद त्यास हलका लेखीत. भाऊ एकामागून एक मारले गेले : जयाप्पा नागोरास, दत्ताजी बुराडी घाटावर, तुकोजी पानिपतावर. त्याच पानिपतावर, ता. १४ जानेवारी १७६१ रोजी, पळ सुरू झाला असता एका अफगाण स्वाराने महादजीस गाठले, पायावर घाव घालून त्याचे दागिने व वस्त्रे हिरावली आणि त्यास खड्ड्यात टाकून तो निघून गेला. तेथून राणेखान नावाचा एक मुसलमान भिस्ती चालला होता. त्याने जखमी मनुष्यास उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले व दक्षिणेत आणून पोहोचविले. महादजी जन्माचा लंगडा झाला. पण पुढे दैव उघडले तेव्हा तो त्या भिस्त्यास विसरला नाही. त्यास त्याने भाऊ म्हटले, जहागीर दिली आणि सैन्याचा सरदार केले. मोठेपण आल्यावर जुने उपकार ओझ्यासारखे वाटू लागतात, हा आपल्या गावकीतलाही अनुभव आहे. म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी वाटते.

वारसाचा तंटा बरीच वर्षे चालला. अखेरीस थोरल्या माधवराव पेशव्यांनी शिंद्यांची सरदारी महादजीकडे ठेविली. माधवराव १७७२ साली वारले, आणि पुढल्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. चुलते रघुनाथराव गादीसाठी मुंबईकर इंग्रजांस जाऊन मिळाले. बाळ सवाई माधवरावाच्या नावाने कारभार करणाऱ्या नाना फडणिसांस आता तरवारीचा आधार हवा होता. तो महादजीने दिला.

सन १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावास गादीवर बसविण्यासाठी सुमारे ३,९०० इंग्रजी फौज बोरघाट चढून खंडाळ्यास आली. तिच्याबरोबर १९,००० बैल होते! एवढे लटांबर घेऊन ती दिवसास जेमतेम कोसभर सरके. मराठ्यांनी समोर ठाकून लढाई दिली नाही. ते पुढे, मागे व बाजूंस राहून गोळे टाकीत, रसद तोडीत. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याचे शौर्य पाहून शत्रूनेच त्यास इष्टुर फाकडा हे नाव दिले. ता. ९ जानेवारीस फौज तळेगावी पोहोचली तो गाव जळालेले, दाणा नाही, वैरण नाही. मराठ्यांनीच ते जाळले होते. हा डाव बिनतोड खरा. तथापि त्याची किंमत मावळच्या कुणब्याने आपल्या घराने व कणगीने भरली, हे विजयाच्या वर्णनात सहसा येत नाही.

इंग्रज सरदारांचा धीर सुटला. ता. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून ते गुपचूप मागे फिरले, परंतु मराठे जागे होते. दुसऱ्या दिवशी वडगावी त्यांची कोंडी झाली. महादजीच्या मध्यस्थीने तह ठरला : १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यावा, बंगालहून येणारी फौज थांबवावी, रघुनाथरावास स्वाधीन करावे, आणि दोन इंग्रज ओलीस राहावेत. भडोच महादजीस मिळावयाचे होते, व त्याच्या चाकरांस ४१,००० रुपये. म्हणजे त्यात त्याचा स्वार्थही होता. पण कोंडलेल्या सैन्याची कत्तल न करिता त्याने त्यास मुंबईस जाऊ दिले.

फौज सुखरूप पोहोचताच कंपनीने तह नाकबूल केला. आमच्या मते येथे अपराध शब्द मोडणाऱ्याचा, ठेवणाऱ्याचा नव्हे. युद्ध पुन्हा पेटले आणि १७८० साली ग्वाल्हेरचा किल्लाही महादजीच्या हातून गेला. तरी १७८२ च्या सालबाईच्या तहात दोन्ही पक्षांमध्ये मध्यस्थ तोच होता.

पुढील दहा वर्षे तो उत्तरेत राहिला. डी बॉइन नावाच्या फिरंगी सरदाराकडून त्याने कवायती पलटणी तयार करविल्या. १७८८ साली गुलाम कादिराने दिल्लीच्या वृद्ध बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजीच्या फौजेने दिल्ली घेतली व बादशहास पुन्हा गादीवर बसविले. त्या फौजेचा एक पुढारी राणेखान होता. बादशाही अधिकार हाती असताही महादजी स्वतःस पाटीलच म्हणवून घेई. १७९२ साली पुण्यास आल्यावर त्याने पेशव्यांपुढे जोडे उचलणाऱ्या चाकराची नम्रता दाखविली. नाना फडणिसांस ती नम्रता खरी वाटली नाही. ती अगदीच निष्कपट होती असे आम्हीही म्हणणार नाही; पुण्याचा कारभार आपल्या हाती यावा ही इच्छा त्यास होतीच.

ती पुरी झाली नाही. ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे तो तापाने वारला. पोटी मुलगा नसल्यामुळे भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव गादीवर आला. नऊ वर्षांनी, १८०३ साली, इंग्रजांनी त्या कवायती पलटणी मोडल्या आणि दिल्ली घेतली. महादजीची छत्री वानवडीस आहे.